एक बांगडी जादा

जुन्नरच्या नूरबीकडून बांगड्या भरून घ्यायला पार वारूळवाडीच्या बायका खोळंबून राहत, पण तिच्याकडून एक बांगडी फुकट काढणं कुणाला जमलं नव्हतं. डझनाला बाराच.

"मावशे, एक वर घाल की!"

"वर अल्ला हाय. त्याच्याकडं माग," म्हणत ती पेटी बंद करायची.

हात मात्र असा हलका की मनगट कितीही जाड असो, चुडा चढताना नवरीच्या कपाळावर आठी पडत नसे. भरून झालं की बायका रीतीप्रमाणं तिच्या पाया पडत. तिच्या धंद्याचा एकच नियम होता, अशुभ बोलायचं नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं, तर दिवसभर गिऱ्हाईक नसलं तरी म्हणायचं, "लई बरकत हाय." मंदी बोलून दाखवली की बरकत उठून जाते, हे आईनं पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात भरवलं होतं.

याच नियमानं तिच्या नातीची वाट अडवली.

आईबापामागं नूरबीनंच वाढवलेली इफरा सरकारी शाळेत शिकली, आणि अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. मुलींची फी सरकार भरणार होतं. फक्त घरची कमाई बेताची असल्याचा दाखला हवा होता. दोघी तलाठी प्रतिभाताईंकडं गेल्या.

"मावशी, धंदा कसा चाललाय?"

"लई बरकत हाय, बाई."

"म्हणजे मिळतं किती?"

"कशाची म्हणून ददात न्हाई."

इफरानं कोपर मारलं. नूरबीनं तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. प्रतिभाताईंनी पेन खाली ठेवलं. "मग दाखला कशाला पाहिजे? तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार. घरी बोला आणि उद्या या."

प्रवेशाची मुदत परवा संपत होती. इफरा भांडली असती तर नूरबीला सोसलं असतं. पण पोर घरी आली, पेटीजवळ बसली आणि मुकाट्यानं बांगड्या मापाप्रमाणं लावू लागली.

"दादी, मला पण भरायला शिकव. पुढच्या बाजारापासून येते तुझ्यासोबत."

या पेटीपायी नूरबीची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. बरकत जायची तर जाऊ दे, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पेटी काखेत घेऊनच प्रतिभाताईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाई, भागत न्हाई. पावसाळ्यात पेटी उघडायची सुदिक येळ येत न्हाई. पोरीला शिकवायची माझी ऐपत न्हाई." आणि पदरात तोंड लपवून ती रडली.

प्रतिभाताईंनी तिनं सांगितलेलं सगळं लिहून घेतलं, सही केली. मग दोन्ही हात टेबलावर पुढं केले. "माझी आजीही बांगडी फुटली म्हणत नसे. कळलं मला कालच्या बरकतीचं. घ्या, आज माझ्यापासून भवानी करा."

नूरबीनं बांगड्या भरल्या. प्रतिभाताईंनी पुरते पैसे दिले आणि टेबलाला वळसा घालून सगळ्या कार्यालयादेखत तिच्या पाया पडल्या. त्या माउलीचं नाव नूरबी आजही दुव्यात घेते.

इफरा आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती घरी आली तेव्हा नूरबीनं विचारलं, "सरकार तुझी फी भरतं, पर सरकारकडं पैका येतो कुठनं?"

"लोकांचाच गं, दादी. साधा साबण घेतला तरी त्यातलं थोडं तिकडं जातं."



पुढच्या फेरीला ती वारूळवाडीत गेली. टोमॅटो तोडून आलेल्या धोंडाबाईनं चिकट हात धुऊन पुढं केले. बारा झाल्या आणि नूरबीनं तेरावी चढवली.

"अगं, मोजायला चुकलीस!"

"चुकली न्हाई. माझी पोर तुझ्या पैशावर इंजिनिअर व्हतीय."

धोंडाबाईला काही उमगलं नाही. ती रीतीप्रमाणं पाया पडायला वाकली, तर नूरबीनं तिचे दोन्ही हात धरले आणि बांगड्यांसकट आपल्या कपाळाला लावले.