भिंगरीचं दुखणं

हॉटेलच्या लॉन्ड्रीत तिला सगळ्या जणी 'चकाचक' म्हणायच्या, तेही तोंडावर, आणि तिला ते आवडायचं. चादरीवरचा कसलाही डाग तिच्या हातून सुटायचा नाही. "हिच्या घरात माशीसुद्धा पाय धुऊन येते," असं इस्त्रीवाली सगळ्यांना सांगायची.

नवरा ट्रक चालवायचा, आठवडा-आठवडा बाहेर. घरात ती, सहा वर्षांची लेक आणि धाकटा दीर. लेक एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. दीर रात्रपाळीचा वॉचमन. दुपारी तो पुतणीला शाळेतून आणायचा, तिच्या वाकड्यातिकड्या वेण्या घालायचा. पोरीचा सगळा जीव काकावर.

एका सकाळी भिंगरी मोरीतून रडत बाहेर आली. लघवीला आग होत होती. चकाचकने चड्डी पाहिली, तर पिवळट, वास येणारा डाग. खाजवून खाजवून कातडी लालबुंद झालेली. तिला वाटलं, घाण राहिली असणार. आणि घाणीवर तिच्याकडे एकच औषध होतं. गरम पाण्यात जंतुनाशक ओतून ती लेकीला रोज त्यात बसवू लागली, साबणाने खसाखसा धुऊ लागली. चड्ड्याही कामावरच्या जळजळीत पावडरीत भिजवू लागली.

"आई, नको ना, खूप झोंबतंय," भिंगरी तिचा हात धरायची.

"थोडं सोस गं. तुझ्याच भल्यासाठी करतेय."

दुखणं वाढत गेलं. पोर पाय फाकून चालायला लागली, खेळायचं सोडून कोपऱ्यात बसायला लागली. काय होतंय विचारलं की मान खाली. चकाचकने शेवटी इस्त्रीवालीपाशी मन मोकळं केलं. इस्त्रीवालीने इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. "घरात पुरुष माणूस कोण असतं गं दुपारचं?"

चकाचकने हातातली चादर तिथेच टाकली. कामाची वेळ संपायची वाट न बघता ती घरी आली. दीर उंबऱ्याशी बसून भिंगरीचे बूट काढत होता. तिने लेकीला हिसकून घेतलं.

"माझ्या पोरीला हात लावायचा नाही! आत्ताच्या आत्ता चालता हो."

"वहिनी, झालं तरी काय?"

"तुला ठाऊक आहे काय केलंस ते."

अर्थ लागायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने हातातला बूट खाली ठेवला. पोरीसमोर तो एक शब्द बोलला नाही. पिशवीत कपडे कोंबून निघून गेला. शेजारणी दारात उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी पोरीला जवळ घेतलं, चित्रं काढायला दिली, आईला बाहेर बसवून नर्ससमोर निवांत बोलल्या. मग हलक्या हाताने तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. नमुन्याचा निकाल आल्यावर पुन्हा बोलावलं, पुन्हा पोरीशी बोलल्या.

"तुम्ही इथे आलात ते बरंच केलंत. असा संशय आला तर दडपायचा नसतो," त्या म्हणाल्या. "पण तसं काही झाल्याचं मला कुठेच दिसत नाही. तिच्या शाळेतल्या संडासाला कडी नाही, मुलं दार ढकलतात. म्हणून ही दिवसभर लघवी दाबून ठेवते. मग घाईत कशीतरी पुसते, तेही मागून पुढे. त्यातून सुरुवात झाली. या वयात तिथली कातडी फार नाजूक असते. त्यावर तुमचं ते जंतुनाशक आणि साबण."

"म्हणजे... मी?"

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आता नुसतं कोमट पाणी. आत काही घालायचं नाही, घासायचं नाही. सुती, सैल चड्डी. ती साध्या साबणाने धुऊन नीट खळबळायची. पुसायचं पुढून मागे. लघवी दाबायची नाही. आणि पुन्हा स्राव दिसला, रक्त दिसलं, तर घरी उपाय न करता इकडे यायचं."

भिंगरी हळूहळू बरी झाली. चकाचकने शाळेत जाऊन भांडभांड भांडून संडासाला कडी बसवून घेतली. दिराला शोधत ती त्याच्या कामाच्या फाटकावर गेली. पाया पडायला वाकली तसा तो मागे सरला.

"वहिनी, पोरीसाठी कुणीही घाबरलं असतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी स्वतः तुमच्याबरोबर दवाखान्यात आलो असतो. पण तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही ठरवूनच टाकलंत."



ती दारोदार जाऊन सांगत राहिली की तो निर्दोष आहे. बायका "हो का" म्हणायच्या आणि आपल्या मुलींना आत बोलवायच्या. दिराने दुसऱ्या गावी काम धरलं. नवरा घरी आला की जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. काका कधी येणार, असं भिंगरी बरेच दिवस विचारत होती. मग तिनेही विचारायचं सोडलं.