मामांचं दुसरं दार

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास मी दिग्रसला घर बांधलं आणि त्याचा नकाशा बायकोच्या मामांकडून काढून घेतला. मामा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, आणि जगातलं निम्मं दुःख घराला एकाच बाजूनं खिडकी ठेवल्यामुळे होतं, असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ताटात डावीकडे चटणी वाढली की उजवीकडेही तेवढीच हवी. नाहीतर "ताट कलून राह्यलं, सुमन," असं भाचीला सांगून हात आखडून बसत. यवतमाळच्या एस.टी.त ते मागच्या लांब बाकड्याच्या बरोबर मधोमध बसायचे. कंडक्टरनं सरकायला सांगितलं, तर तोल, प्रमाण आणि शोभा ही बांधकामाची तत्त्वं त्याला दारव्हा येईपर्यंत समजावत. तोवर ते बाकडं आपोआप रिकामं होई.

आमच्या घराला त्यांनी समोरून दोन दारं दिली. उजवीकडचं खरं. डावीकडचं नुसतं तोलासाठी : सागवानी चौकट, पितळी कडी, आणि फळ्यांमागे सरळ विटांची भिंत. "घराले चेहरा असते, जावईबापू. एका डोयाचं घर चांगलं दिसते काय?" मला ते इतकं पटलं, की खोट्या दाराला तेल मीच चोळलं.

त्याच हिवाळ्यात कळंबचे पाहुणे माझ्या बहिणीला बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं हुकली होती. हेही हुकलं तर आई अंथरूण धरणार, यात शंका नव्हती. मी झेंडूचं तोरण आणलं, एकच. खऱ्या दारातून ये-जा असते, फुलं चुरगळतील, म्हणून ते खोट्या दाराला बांधलं.

पाहुणे आले ते साहजिकच तोरणाखाली उभे राहून दारावर थापा मारू लागले. आत मामा डोळे मिटून ऐकत होते. "आइका," ते समाधानानं म्हणाले, "दार जमलं." तेवढ्यात बाहेर मुलाचे वडील म्हणाले, "चला रे वापस. याईले पोरगी दाखवाचीच नाही." मी उठून धावलो तो घाईत आतून त्याच भिंतीवर जाऊन आदळलो. शेवटी बहिणीनंच खरं दार उघडलं. "काका, इकून या. तिकडं नुसती शोभा हाय."

म्हातारा आधी तिच्याकडे आणि मग माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहत राहिला. "घरात एका जनाले तरी दार ठाऊक हाय," असं म्हणून आत आला. त्याच बैठकीत लग्न ठरलं. मामांनी त्याचं श्रेय शेवटपर्यंत आपल्या दारालाच दिलं.

पुढं मामा गेले. त्यांची तेरवी आटोपून बायको आधी परतली, मी मागून. दिवेलागणीला घरी पोचलो, कडी वाजवली. कुणी उघडेना. पुन्हा वाजवली. मग लक्षात आलं, आपण डावीकडे उभे आहोत. तरी हात कडीवरून निघेना. मामा आत असते तर दार जमलं म्हणाले असते.

उजवीकडचं दार करकरलं. बायको कंदील वर धरून माझ्याकडे बघत होती.

"पाहुणे एकडाव चुकले, समजू. तुमी तं या घराचे मालक. तुमाले अजून काहून दार सापडत नाही?"