पानाबाहेरची शितं

केळीच्या पानावर वाफाळता भात पडला, की त्या हिरव्या, ओलसर वासाबरोबर मला बसवनगुडीतलं भावाच्या मुंजीचं जेवण आठवतं. साल बावन्न-त्रेपन्न असेल. लढाईत रंगूनहून जंगलातून चालत परतलेले माझे धाकटे काका पंगतीत होते. काकू वाटेतच गेली होती. मी तूप वाढत होते. सगळ्यांसारख्या काकांनीही पानाबाहेर देवांच्या नावाने चिमूट चिमूट भाताच्या चित्राहुती घातल्या, पण जेवण संपल्यावर त्याच एकेक शीत टिपून खाल्ल्या. शेजारी बसलेले थोरले काका हळूच म्हणाले, "अरे, ते खायचं नसतं. आपला वाटा नव्हे तो." धाकटे काका मीठ मागावं तशा आवाजात म्हणाले, "सरी, बरोबर आहे, अण्णा. पण ही गेली त्या दिवशी हिच्या वाट्याचा भातही मीच खाल्ला होता." थोरल्या काकांनी मान खाली घातली. मला काहीच वाटलं नाही. मी पुढच्या पानावर तूप वाढलं. आता आमच्या घरात जेवणं झाल्यावर चित्राहुती मीच पुसते. ती शितं ओल्या फडक्यात गोळा होतात. अजूनही काही वाटत नाही. फक्त फडकं झटकायला हात उचलत नाही.