फार जीव लावू नका

आमची लेक शिशुगृहातून घरी आली ती दुष्काळातल्या ऐन उन्हाळ्यात. दोन वर्षांची. कायद्यानं ती अजून आमची नव्हती. दत्तकाचा कोर्टाचा आदेश होईपर्यंत फक्त सांभाळायला दिलेली. तेवढ्यात काही खटकलं, तर शिशुगृह तिला परत नेऊ शकत होतं. हे मी एकदाच नातेवाइकांसमोर बोलून गेले आणि झालं! बघायला येणारा प्रत्येक जण जाताना बजावू लागला, "आदेश होईस्तोवर फार जीव लावू नका हं." जणू जीव लावणं म्हणजे नळाची तोटी, हवी तेव्हा सोडायची. नळ तरी कुठं आमच्या हातात होता म्हणा. आम्ही राहतो त्या उस्मानपुऱ्यात पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही आलं तर.

यांच्या आत्याबाई शहराबाहेर चिकलठाण्याकडं नव्या फ्लॅट-स्कीममध्ये राहायला गेल्या होत्या. तिथं जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता आणि नळाला थेंब नव्हता. आत्याबाई मुलगी बघायला आल्या त्या दोन रिकामे कॅन घेऊनच. "रंग उजळ आहे हो, कळायचं नाही कुणाला," असा शेरा मारून कॅन भरून गेल्या. काय कळायचं नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

सासूबाईंनी तर जीव न लावण्याचा वसाच घेतला होता. "मी आपली लांबूनच बघीन," म्हणायच्या. स्वयंपाकघरात त्यांचा पिण्याच्या पाण्याचा हंडा असे, सोवळ्यातला. त्यात कुणाचा उष्टा पेला बुडाला, की सगळं पाणी झाडांना. लेकीनं पहिल्याच आठवड्यात पेला बुडवला. सासूबाई हंड्याकडं बघत राहिल्या, मग खिडकीतून टँकरच्या रांगेकडं. "लहान लेकराला विटाळ नसतो," त्या म्हणाल्या. हे शास्त्र आमच्या घरात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. महिनाभरात लांबूनच बघणाऱ्या बाई तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवू लागल्या. मी आपली वरणात तूप वाढत राहिले. बोलले असते तर त्यांना पुन्हा वसा आठवला असता.

मग शिशुगृहाच्या समाजसेविका पाहणीला आल्या. कोर्टात जाणारा अहवाल त्याच लिहिणार होत्या. मी आदल्या दिवशी घरात सगळ्यांना दम भरला होता: हसायचं, कमी बोलायचं, वाद घालायचा नाही. आल्या-गेल्याला पाणी द्यायचं, हे लेकीला सासूबाईंनीच शिकवलेलं. ती आत पळाली, पेला भरला, वाटेत दोन घोट स्वतः प्यायली आणि उरलेलं बाईंपुढं धरलं. बाईंनी कौतुकानं हसून पर्समधून बाटली काढली.

"माझ्याकडं आहे ना बाळा पाणी."

पोरीचा हात तसाच पुढं राहिला.

"का हो, आमच्या घरचं चालत नाही का?" सासूबाई. मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. "या टंचाईत माझी नात पाणी देतीये आणि तुम्ही तिला बाटली दाखवता?"

एवढं बोलून त्यांनी तो पेला घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. पोटच्या मुलाचंही उष्टं त्यांनी कधी तोंडाला लावलं नव्हतं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि उठल्या.

दार लागताच मी भडकले. "आई, सगळं त्यांच्या हातात आहे! उद्या पोरीला परत नेलं म्हणजे?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "नेतील का गं?"

घरादाराला अक्कल शिकवणारी ही बाई, पण मला असं तिनं कधीच काही विचारलं नव्हतं. मला स्वतःलाच रडू फुटत होतं. तरी म्हटलं, "नाही नेणार."

"तुला काय माहीत? तू काय जज्ज आहेस?" त्या माझ्यावरच ओरडल्या. मग पोरीला कडेवर घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावून घेतली.