कमी आकड्याची कॉइल

अमेरिकेतल्या एरी गावात पीच स्ट्रीटवरच्या व्हेपच्या दुकानात बर्नाडीन बसते ना, तिनं आयुष्यभर फक्त तारा गुंडाळल्यात. खरंच! सव्वीस वर्षं टोस्टरच्या कारखान्यात, ती आतली लाल होणारी तार. कारखाना बंद पडला, आता एकसष्टाव्या वर्षी ई-सिगारेटच्या कॉइल गुंडाळते. तार किती बारीक ते बोटांनीच सांगते, मीटर नुसता खात्रीला.

मंगळवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ कॅझ आला. शाळेची बस चालवतो. चाळीस वर्षं रोज दोन पाकिटं सिगारेट ओढणारा माणूस, बहीण मागे लागली म्हणून सहा आठवडे एकसुद्धा नाही. आल्या आल्या त्यानं आपलं ई-सिगारेटचं यंत्र काउंटरवर आपटलं.

"घे तुझं खेळणं. जळका कापूस ओढतोय मी. त्यापेक्षा पेट्रोल पंपावरच्या दुकानातून सिगारेटचं पाकीट आणतो."

बर्नाडीननं यंत्र उचलून हुंगलं.

"कधीपासून?"

"रविवारपासून. तू सुट्टीवर होतीस, मीच नवी कॉइल निवडून नेली."

"मीच म्हणे! मोठा आलाय इंजिनिअर."

तिनं कॉइल मीटरला लावली. ०.९ ओहम. आधीची १.८ होती.

"ही का घेतलीस रे?"

"हळूहळू कमी करायचं तूच म्हणालीस ना? रसाच्या बाटलीवर अठरा होतं, त्याचं बारा केलं. म्हटलं कॉइलपण कमी आकड्याची घेऊ, सौम्य पडेल."

ती बघतच राहिली. हसूही येत होतं आणि रडूही. सोडायच्या घाईतच केलं होतं बिचाऱ्यानं.

"अरे गाढवा, बाटलीवरचा आकडा निकोटिनचा. हा तारेचा अडथळा. तो अर्धा केलास आणि व्होल्टेज तसंच चारवर ठेवलंस, म्हणजे करंट दुप्पट, उष्णता दुप्पट. रस वातीत चढायच्या आत कापूस जळतोय."

"मग व्होल्टेज उतरव."

"उतरवलं तर तारेचं भागेल. पण वात जळलीये त्याचं काय? बस गप."

बारीक तार घेऊन तिनं स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर वेढे घातले, मोजून. मीटर १.८ म्हणाला. मग नवा कापूस, वर रसाचे थेंब, आणि रस मुरेपर्यंत पाच मिनिटं नुसतं थांबायचं. कॅझ घड्याळाकडे बघून वैतागत होता, ती बधली नाही.

आधी ३.४ व्होल्टवर लावलं.

"ही काय, कोमट हवा!"

३.७.

"बरंय. पण दम नाही."

चार. त्यानं डोळे मिटून लांब ओढलं, सोडलं, परत ओढलं.

"हं," तो म्हणाला.

"हं म्हणजे काय?"

"म्हणजे नाही जात पंपावर. खूश?"

तिनं खुर्ची ओढली आणि बसली एकदाची. तेवढ्यात या शहाण्यानं फळीवरून सहा लिहिलेली रसाची बाटली उचलली.

"मग हा आकडा तर कमी करू शकतो ना?"

तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"आज नाही, कॅझ. एकदम उतरलास तर परत पंप गाठशील. महिनाभर बाराच राहू दे."