आकारामची खुंटी

बायडाबाई तव्यावर भाकरी टाकत होती, तेवढ्यात दाराची कडी वाजली. आकाराम न्हाणीपाशी दात घासत होता. तिनं दार उघडलं, तर गिरणीतला कृष्णात उभा. हातात फडक्यात बांधलेली कालची भाकरी.

"वैनी, ही घ्या. वाळून गेलीया."

"काल खाल्ली न्हाय ह्यांनी?"

"आमदारसायबांस्नी म्यानेजरच्या बंगल्यावर जेवाण हुतं की."

आकाराम गडमुडशिंगी गावाहून पायी गिरणीत यायचा, तेव्हापासूनची रीत. सूतखात्यात भिंतीला भाकरीची गाठोडी टांगायला ओळीनं खुंट्या. ज्याची त्याची ठरलेली. जेवणाच्या सुट्टीत गाठोडी सुटायची. कुणाचं बोट यंत्रात गेलं, कुणाची रजा कापली, सगळं भाकरी मोडता मोडता आकारामच्या कानावर यायचं. त्या बसण्याउठण्यातूनच तो युनियनचा पुढारी झाला. संपात तुरुंग पाहून आला. सत्तावन्न साली निवडून येऊन मुंबईला विधानसभेत बसला. तरी कोल्हापुरात पाऊल ठेवलं की आधी भाकरी खुंटीला, मग बाकीची कामं. बायडाबाईही काही न विचारता बांधून द्यायची.

काल मालकाशी बोलणी लांबली. म्यानेजरनं पान वाढलं, हा बसला. एवढंच. इकडं सूतखात्यात सगळे गाठोडी न सोडता त्याची वाट बघत राहिले.

"राती युनियनची कमिटी बसली," कृष्णात उंबऱ्याबाहेरूनच आकारामला म्हणाला. "आपल्या खात्यातल्या ज्ञानूला पुढारी केलंय. तुमी आता मुंबैचंच बगा, सायेब."

काल-परवापर्यंत कृष्णात त्याला नुसतं 'दादा' म्हणायचा.

"आत तरी या, भावजी. चा टाकते," बायडाबाई म्हणाली.

"नगं. भोंगा हुईल."

आकाराम आता चिडणार, असं तिला वाटलं. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस. आकारामनं चूळ भरली, पुढं येऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं, फडक्याची गाठ सोडली, भाकरीकडं बघितलं आणि गाठ परत बांधली. चेहऱ्यावर ना राग, ना लाज. मुंग्या येऊन बधिर झालेला पाय आपलाच आहे का, हे चाचपून बघावं, तसा तो ते गाठोडं चाचपत होता.

"जेवाण तरी बरं हुतं का?" कृष्णातनं विचारलं.

"आठवत न्हाय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. बायडाबाई जागची हलली नाही.

कृष्णात पायरी उतरला.

"कृष्णात," आकाराम म्हणाला, "ज्ञानू बरा हाय, चालवंल. माझी खुंटी तेवढी दुसऱ्या कुणाला दिऊ नगा."