भट्टीकडचा गाल

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे फुंकरभाऊ म्हणत. कामच तसं होतं. लांब लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतली वितळलेली काच गुंडाळून घ्यायची, नळी फिरवत दुसऱ्या टोकातून फुंकर घालायची, आणि तो लालभडक गोळा हवा तेवढा फुगला की उजवीकडे वळून साच्यात सोडायचा. साच्यापाशी बसलेले म्हातारे कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते साचा मिटून धरत आणि त्यातून दिव्याची हंडी बाहेर पडे. भट्टी डावीकडे, साचा उजवीकडे. मिसरूड फुटत होतं तेव्हा तो या जागेवर उभा राहिला, आता मिशा पिकल्या तरी जागा तीच.

त्याचा डावा गाल काळवंडून जाड झाला होता, मधूनमधून भेगाळायचा. उजवा मात्र चांगला होता. बायको म्हणायची, "उजवीकडून बघितलं तर माझा नवरा, डावीकडून बघितलं तर माझा सासरा."

"एका लग्नात दोघं मिळाले, आणखी काय हवं?" तो म्हणे, आणि विषय तिथेच मिटे.

एकदा जेवताना डाव्या ओठाजवळची भेग उकलली आणि घासाला रक्त लागलं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही, पण मुलीनं पाहिलं. ती सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दुसऱ्या दिवशी तिनं झाकणाला पोचा पडलेली एक डबी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"नाइट क्रीम. शिया बटरचं. रात्री लावून झोपायचं, सकाळी धुवायचं."

"बटर? मग ब्रेडला लाव की!"

"खायचं नाही हो बाबा. लांबच्या देशात एक झाड असतं, त्याच्या बियांचं तूप म्हणा हवं तर."

"आता या वयात मी तोंडाला तूप लावू? उद्या लिपस्टिक आणशील."

बायको शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "लावा हो. लेक प्रेमानं आणतेय. नाहीतर मी लावते, मग म्हणू नका बायको तरुण झाली."

शेवटी निजायच्या आधी तो आरशासमोर उभा राहिला. डबीत चार बोटं घातली आणि भिंतीला चुना फासावा तसं फासलं.

"बाबा, गिलावा करायचा नाहीये!" मुलगी ओरडली. मशीन थांबलं. बायको त्याच्याकडे बघून इतकी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला. तिला असं हसताना पाहून बरेच दिवस झाले होते. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही.

सकाळी उशीचा अभ्रा गालाला चिकटलेला. अभ्रा बायकोनं स्वतः शिवलेला होता, म्हणून आधी नवऱ्याचा उद्धार झाला. मग तिनं पुढे होऊन त्याच्या डाव्या गालावर बोट फिरवलं. "अगदी मऊ नाही," ती म्हणाली, "पण बोटाला टोचत नाही."

एवढ्यावर गडी खूश झाला. पुढच्या रात्री मुलीनं सांगितलं तेवढंच, वाटाण्याएवढं लावलं. पंधरवड्यात भेगा मिटल्या. मग त्याला हाव सुटली. रात्री लावून एवढा गुण, तर सकाळीही लावलं तर सोन्याहून पिवळं! घरात कुणाला न सांगता तो तोंड चोपडून कामावर गेला. भट्टीसमोर उभा राहताच ते वितळलं, घामाबरोबर डोळ्यात उतरलं, आणि हातातली नळी डगमगली. "अरे सांभाळ!" मामा ओरडले आणि मागे सरले. गोळा त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला. अति तिथे माती म्हणतात ते काही खोटं नाही. संध्याकाळी घरी येऊन त्यानं सगळं कबूल केलं आणि मुलीची बोलणी मुकाट्यानं ऐकली.

पण खरी गोष्ट पुढेच घडली.

एका दुपारी भट्टीचं तोंड उघडलं आणि त्याचा गाल चटकन भाजला. तो दचकून मागे झाला. त्याला वाटलं आच वाढवलीय. त्यानं आचवाल्याला विचारलं. आच रोजचीच होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की भट्टी बदलली नव्हती, गाल बदलला होता. इतकी वर्षं ती झळ लागतच होती. वरची कातडी एवढी निबर झालेली, की तिला कळत नव्हतं, इतकंच. आपल्याला सवय झालीय असं तो लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा. ती सवय नव्हती. गालानं नुसती तक्रार करणं सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी तो घरी आला. डबी हातात घेऊन बसला. "नको लावू का?" त्यानं बायकोला विचारलं. "लावलं की भाजतं."

बायकोनं कात्री खाली ठेवली. "भाजतं म्हणून गाल पुन्हा मारायचा? त्यापेक्षा तिथून सरका."

सरकायचं कुठे, हा प्रश्न होता. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी तो मुकादमाकडे गेला.

"मी आणि मामा जागा बदलत जाऊ. अर्धी पाळी मी भट्टीपाशी, अर्धी पाळी ते."

"इतकी वर्षं काही बोलला नाहीस?"

"इतकी वर्षं लागत नव्हतं."

मुकादमानं त्याच्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "मामांना विचार," तो म्हणाला. "माल कमी निघाला तर दोघं परत आपापल्या जागी."

मामा आधी उसळले. "म्हातारपणी मला आगीत लोटतोस होय?" पण साच्यापाशी उकिडवं बसून त्यांचे गुडघे धरले होते. उठताना भिंतीचा आधार लागायचा. तरुणपणी त्यांनीही नळी फुंकली होती. थोडा वेळ उभं राहायला मिळेल म्हटल्यावर त्यांचा आवाज उतरला. "बघू," म्हणाले. मामांचं 'बघू' म्हणजे होकारच असे.

पहिले दिवस वाईट गेले. मामांची फुंकर कमी पडे, हंड्या पपईसारख्या लोंबत निघत. फुंकरभाऊ साचा वेळेवर मिटायला चुके. दोघांत चांगली जुंपायची. "तुझ्यापेक्षा माझी बायको बरा साचा धरेल!" "मग आणा तिला, तुम्ही घरी बसा!" महिनाभरानं मात्र दोघांचा हात बसला आणि मालही पहिल्याएवढा निघू लागला. मुकादम शाबास म्हणाला नाही, पण पुढच्याच आठवड्यात शेजारच्या भट्टीवरही त्यानं अशीच अदलाबदल सुरू केली.

गालावरचा काळा डाग काही गेला नाही, जायचाही नव्हता. मुलगी नवी डबी आणते, आणि तो निजताना न चुकता लावतो. पूर्वी दाढी करताना तो डाव्या गालावर वस्तरा असा ओढायचा, की गंजका पत्रा खरवडतोय असं वाटावं. आता तिथे आला की त्याचा हात आपोआप हलका होतो.